‘प्रति’पुढील रिकामी ओळ : जागतिक पुरवठा साखळीतील कामगार आणि मराठी कामगार साहित्य

प्रस्तावना

१९९१ नंतर खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांसाठी मराठीत ‘खाउजा’ हा सुटसुटीत शब्द रूढ झाला. या प्रक्रियेचे मराठी साहित्यावर काय परिणाम झाले, याची चर्चा आपल्या चर्चासत्रांतून आणि नियतकालिकांतून बरीच झालेली आहे. बाजारपेठेचे आक्रमण, चंगळवाद, मातृभाषेचे भवितव्य, शेतीवरील अरिष्ट हे त्या चर्चेतील नेहमीचे विषय होत. कामगार मात्र या चर्चेत येतो तो बहुधा भूतकाळ म्हणून. गिरण्या बंद पडल्या, गिरणगाव संपले आणि त्याबरोबर कामगार साहित्याचे प्रकरणही मिटले, असे एक समीकरण अभ्यासक्रमांत आणि समीक्षेत नकळत स्थिरावले आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या समीकरणाला आहे.

कामगार संपलेला नाही. तो एका दाराआडून दुसऱ्या दाराआड गेला आहे, एवढेच. आज एखादी वस्तू एका कारखान्यात एका मालकाच्या देखरेखीखाली पूर्ण होत नाही. कच्चा माल एकाचा, प्रक्रिया दुसऱ्याची, मजूर पुरविणारा तिसरा, वाहतूक चौथ्याची आणि वस्तूवरचे नाव पाचव्याचे, तेही बहुधा परदेशातील, अशी ही रचना असते. तिलाच ‘जागतिक पुरवठा साखळी’ म्हणतात. रायगड जिल्ह्यातील अध्यापकाला ही संकल्पना केवळ ग्रंथातून समजून घ्यावी लागत नाही. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. रोहा-धाटाव, महाड, पाताळगंगा, तळोजा ही औद्योगिक क्षेत्रे याच जिल्ह्यात आहेत आणि वाकण-पाली-खोपोली रस्त्याने जाणारी अवजड वाहने आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची आहेत.

या लेखाचे निमित्त मात्र एका साध्या प्रसंगाचे आहे. उपयोजित मराठीच्या तासाला ‘तक्रार-अर्ज’ हा घटक शिकवून झाल्यावर मी वर्गाला स्वतःच्या परिचयातील एखाद्या खऱ्या तक्रारीवर अर्ज लिहावयास सांगितले. एका विद्यार्थ्याने आपल्या थोरल्या भावाविषयी लिहिले. भाऊ ठेकेदारामार्फत एका रासायनिक कारखान्यात कामाला होता आणि दोन महिन्यांच्या जादा कामाचे पैसे त्याला मिळाले नव्हते. विषय, मजकूर, दिनांक, सही सारे नीट होते. परंतु ‘प्रति’ या शब्दापुढची ओळ कोरी होती. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, कोणाचं नाव घालू? कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. ठेकेदार म्हणतो, वरून पैसे आले नाहीत. आणि माल तर बाहेरच्या देशात जातो.” मायन्याला गुण असतात, या नियमाने मी त्याचा एक गुण कापला. तो कापणे बरोबर होते काय, हा प्रश्न त्यानंतर मनातून गेला नाही.

कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालताना आधी त्या देवतेचे नाव व स्थान उच्चारले जाते. नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणे लागत नाही, अशी श्रद्धा आहे. कामगाराच्या हक्काचेही असेच आहे. हक्क म्हणजे कोणाकडे तरी मागता येईल असे काही. ज्याच्याकडे मागावयाचे तोच दिसेनासा झाला, तर हक्क कागदावर राहतो. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर हा ‘संबोध्या’चा, म्हणजे ज्याला उद्देशून बोलावयाचे त्याचा प्रश्न आहे. या दृष्टीने मराठीतील कामगारविषयक लेखनाचे काही टप्पे तपासणे आणि त्यांच्या प्रकाशात आजच्या ‘आचारसंहिता’ नामक मजकुराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. लोखंडे यांचे निवेदन : भरलेला मायना

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील तीन दशकांत या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले. म्हणजे मुंबईचा गिरणी कामगार आरंभापासूनच जागतिक व्यापाराच्या साखळीत होता. त्याच्या संरक्षणाचा पहिला कायदाही या व्यापारी स्पर्धेशी जोडलेला होता, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. हिंदुस्थानातील गिरण्यांत बालकांना व स्त्रियांना अमर्याद तास राबविले जाते, अशी ओरड मँचेस्टरच्या कापड व्यावसायिकांनी सुरू केली. तीत करुणा किती आणि स्वस्त स्पर्धकाची धास्ती किती, हे सांगणे कठीण आहे. त्या दडपणातून झालेला १८८१ चा फॅक्टरी कायदा अगदीच तोकडा होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढीच त्याची मुख्य मजल होती. प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती.

या कायद्याविषयी राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक वृत्तपत्रांची भूमिका विरोधाची होती. हा मँचेस्टरचा कावा आहे, देशी उद्योग मारण्याचा डाव आहे, हा त्यांचा युक्तिवाद. तो निराधार नव्हता. परंतु त्या युक्तिवादात कामगाराला जागा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांचे वेगळेपण येथे दिसते. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी मँचेस्टरचा हेतू शुद्ध आहे की नाही, या वादात कामगाराला अडकू दिले नाही. सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला, तेव्हा त्यांनी त्या संधीचा उपयोग करून कामगारांची सभा भरविली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. आठवड्याला रविवारची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि कामावर जायबंदी झालेल्यास आधार, अशा त्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली.

मजकूर म्हणून या निवेदनाकडे पाहिले असता तीन विशेष आढळतात. एक, ते कोणाला उद्देशून आहे हे स्पष्ट आहे. दोन, खाली सह्या कामगारांच्या आहेत. तीन, मागण्या अमूर्त नाहीत. ‘वाजवी वेतन’ असे न म्हणता ते १५ तारीख म्हणते, ‘पुरेशी विश्रांती’ असे न म्हणता अर्धा तास म्हणते. लोखंडे यांच्या संघटनेला आजच्या अर्थाने सभासदांची नोंदवही, निधी वा नियमावली नव्हती, हे मान्य करावे लागेल. तरीही परकीय खरेदीदाराच्या वा स्पर्धकाच्या संमिश्र हेतूमुळे जी फट पडते, तीतून कामगाराने स्वतःचा कागद आत सरकवावा, हा मार्ग त्यांनी दाखवून दिला.

२. गिरणगावाचे साहित्य : समोर उभा असलेला मालक

मराठी कामगार साहित्याचा पुढील विस्तार प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांभोवती झाला. मामा वरेरकर यांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीने गिरणीमालक व गिरणी कामगार यांचा संघर्ष मराठी वाचकाच्या घरात नेला. भाऊ पाध्ये यांनी ‘डोंबाऱ्याचा खेळ’मध्ये कामगार संघटनांच्या आतील राजकारणाकडे निर्मम दृष्टीने पाहिले. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी कामगाराला कवितेचा विषय न ठेवता तिचा वक्ता केले.

सुर्वे यांच्या कवितेच्या संदर्भात तिच्यातील बोलीभाषा, नागरी जीवन आणि मार्क्सवादी जाणीव यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे एका वेगळ्या बाबीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ही कविता बहुतेक वेळा कोणाशी तरी बोलते. कधी प्रस्थापित साहित्यिकांशी, कधी शिक्षकाशी, कधी सहकाऱ्याशी, कधी थेट व्यवस्थेशी. तिच्या आत्मविश्वासाचे एक कारण असे की समोर ऐकणारा उभा आहे, निदान त्याला ऐकावयास भाग पाडता येईल, याची तिला खात्री आहे. ही खात्री केवळ कवीच्या प्रतिभेतून आलेली नाही. तिच्यामागे गिरणीचे दार, भोंगा, द्वारसभा, संघटनेची कचेरी आणि संपाची परंपरा आहे. मालक क्रूर असेल, पण तो कोठे बसतो हे ठाऊक होते.

मध्यस्थ तेव्हाही होता. गिरणीतील जॉबर भरती करी, बदली कामगाराला ताटकळत ठेवी, प्रसंगी दस्तुरी घेई. कोकणातून गेलेल्या कित्येक तरुणांना गिरणीचे दार त्यानेच उघडले आणि त्यानेच बंद केले. तथापि जॉबर दाराच्या आत होता. त्याच्यावरची तक्रार त्याच आवारातील वरच्या माणसाकडे नेता येई.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न संबोध्याचाच होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेलाच मालकांशी वाटाघाटी करता येत असत. कामगारांचा विश्वास एका संघटनेवर आणि बोलण्याचा अधिकार दुसरीकडे, अशी स्थिती निर्माण झाली होती. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीचा मार्ग मोकळा केला आणि कापड काढणारा मालक जमीन विकणारा मालक झाला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाचे सामर्थ्य या संदर्भात पाहिले पाहिजे. गिरणी कामगाराच्या घरातील आई, तीन मुलगे आणि एक मुलगी यांच्या होरपळीत मालक हे पात्र केंद्रस्थानी नाही. रंगमंचावर उरली आहेत ती एकमेकांवर उलटणारी माणसे. ज्या रागाला बाहेर पत्ता सापडत नाही तो घरात फुटतो, हे या नाटकाने दाखविले. म्हणूनच ‘अधांतर’ हे केवळ गिरणगावाचे शोकनाट्य नव्हे. मालक अदृश्य झाल्यानंतरच्या काळाचे ते मराठीतील एक पहिले महत्त्वाचे नाटक आहे, असे म्हणता येईल.

३. कोयता आणि उचल : मधल्या माणसांची रांग

अदृश्य मालकाचे आजचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे, ते ऊसतोडीचे. बीड व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षी लाखो माणसे गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांना एक अवजार म्हणून मोजणारा हा शब्द स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंदच होऊ देत नाही. हंगामापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो, ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, आणि आजारपणाचा वा बाळंतपणाचा दिवस ‘खाडा’ म्हणून कापला जातो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी वा मुकादमाशी असतो, मुकादमाचा व्यवहार टोळीशी. त्यामुळे ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो तो कारखाना ‘हे आमचे कामगार नव्हेत’ असे म्हणू शकतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘द फुलर प्रोजेक्ट’ यांच्या संयुक्त वृत्तान्ताने या साखळीचे दुसरे टोक दाखविले. कोका-कोला व पेप्सिको यांसारख्या कंपन्यांना महाराष्ट्रातील ज्या कारखान्यांची साखर जाते, त्यांच्या उसाच्या फडांत उचलीचे कर्ज, बालविवाह आणि या शस्त्रक्रिया यांचे दुष्टचक्र असल्याचे त्यात मांडले होते. बीडची बाई आणि शीतपेयाची बाटली यांच्यामध्ये किती माणसे उभी आहेत, हे मोजले तर ‘प्रति’पुढची ओळ कोरी का राहते हे समजते. मुकादम, वाहतूकदार, कारखाना, साखरेचा व्यापारी, पेयनिर्माता, आणि शेवटी आपण.

आमच्या सुधागड तालुक्यातील आदिवासी वाड्यांना ही रचना अपरिचित नाही. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात, तीही उचल घेऊनच. वीट काही परदेशी जात नाही. परंतु उचल, मधला माणूस आणि शाळा सुटलेले मूल हा साचा तोच आहे. जागतिक साखळीने हा साचा निर्माण केलेला नाही. तिने तो तयारच सापडला म्हणून वापरला. हे ध्यानात घेतले नाही तर सारा दोष परदेशी कंपनीवर टाकून आपण मोकळे होतो.

कायदा अशा वेळी कोठे असतो? वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्ये झाला, पण बीडहून कोल्हापूरला जाणारा माणूस राज्याची सीमा ओलांडत नसल्याने त्यात बसत नव्हता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मात्र एक महत्त्वाची गोष्ट केली. ठेकेदाराने वेतन थकविले तर ते देण्याची जबाबदारी ‘मुख्य नियोक्त्या’वर टाकली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही जबाबदारी कायम आहे. मात्र केंद्रीय कायद्यातील २० कंत्राटी कामगारांची मर्यादा आता ५० झाली आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला निदान एका पायरीपुरते उत्तर कायद्यात होते. ते त्याला ठाऊक नव्हते, आणि मलाही वर्गात ते सांगता आले नाही. यापुढचे उत्तर मात्र कारखान्याच्या दारापाशीच थांबते. दाराबाहेरचा खरेदीदार, जो भाव ठरवितो, तो आपल्या कायद्याच्या कक्षेत नाही.

४. आचारसंहितेचे व्याकरण

या दाराबाहेरच्या खरेदीदाराने स्वतःहून जो मजकूर पुढे केला, तो म्हणजे ‘पुरवठादार आचारसंहिता’. १९९० च्या दशकापासून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी अशा संहिता तयार केल्या. बालमजुरी नसावी, सक्तीचे श्रम नसावेत, भेदभाव नसावा, कामाची जागा सुरक्षित असावी, अशी त्यांतील कलमे निर्दोष असतात. या कलमांशी मतभेद संभवत नाही. समीक्षकाने पाहावयाचे ते त्यांचे व्याकरण.

या संहितांतील वाक्यांचा कर्ता जवळजवळ नेहमी ‘पुरवठादार’ असतो. पुरवठादाराने खात्री करावी, पुरवठादाराने नोंदी ठेवाव्यात, पुरवठादाराने उपलब्ध करून द्यावे. कामगार येतो तो कर्म म्हणून, ज्याच्याविषयी काही करावयाचे आहे असा. संहिता लिहिणारा खरेदीदार स्वतः मात्र वाक्यात फारसा सापडत नाही. त्याने किती भाव द्यावा, किती मुदतीत माल मागावा, ऐन वेळी मागणी बदलावी की नाही, याविषयी कलमे क्वचित असतात. खाली सही पुरवठादाराची, तपासणी अहवालाचा वाचकही खरेदीदारच. लोखंडे यांच्या निवेदनाच्या तीन विशेषांशी ताडून पाहता येथे तिन्ही उलटे झालेले दिसतात. उद्देशून कोणाला, तर पुरवठादाराला. सही कोणाची, तर पुरवठादाराची. मागणी कोणती, तर ‘वाजवी’, ‘पुरेशी’, ‘लागू कायद्यानुसार’.

या व्याकरणाचे परिणाम प्राणघातक होऊ शकतात. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील एका कापड कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच सामाजिक उत्तरदायित्वाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ जीव गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, कामगारांना ते दिसले होते, तरी त्यांना दुसऱ्या दिवशी आत जावे लागले. तपासणी अहवालांच्या एवढ्या चळतीत ‘आम्ही आत जाणार नाही’ हे कामगाराचे वाक्य लिहिण्यास कोठे रकाना नव्हता.

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये बांगलादेशात अग्नी व इमारत सुरक्षेचा जो करार झाला, तो वेगळा होता. त्यावर दोनशेहून अधिक कंपन्यांबरोबर आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांच्या सह्या होत्या आणि तो कायद्याने बंधनकारक होता. आपल्या देशातही एप्रिल २०२२ मध्ये तमिळनाडूतील दिंडिगल येथे असा करार झाला. एका दलित कामगार तरुणीच्या हत्येनंतर स्त्री-कामगारांच्या पुढाकाराने चालणाऱ्या स्थानिक संघटनेने कापड उत्पादक कंपनी आणि ‘एच अँड एम’ ही परदेशी खरेदीदार कंपनी यांच्याशी लैंगिक छळाविरुद्ध करार केले. संहिता आणि करार यांतील भेद मजकुराच्या लांबीचा नाही. तो सहीचा आहे.

युरोपातील कायदेही याच दिशेने सरकत आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये, जर्मनीने २०२१ मध्ये कंपन्यांवर साखळीतील मानवी हक्कांची काळजी घेण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. जर्मनीचा कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला आणि त्यात साखळीतील कामगारासाठी तक्रारीची सोय ठेवणे आवश्यक केले आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या निर्देशाची अंमलबजावणी मात्र २०२५ मध्ये पुढे ढकलण्यात आली आणि त्याची व्याप्ती आक्रसण्याच्या हालचाली झाल्या. दूरच्या देशाची सदसद्विवेकबुद्धी निवडणुकीगणिक बदलू शकते, हा याचा बोध.

यावर आक्षेप घेतला जाईल की हे सारे नव्या रूपातील मँचेस्टरच आहे, म्हणजे गरीब देशांच्या निर्यातीवर घातलेला छुपा अडसर. १९९६ च्या सिंगापूर येथील जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत भारताने व इतर विकसनशील देशांनी व्यापाराशी कामगार मानके जोडण्यास विरोध केला, तो याच भूमिकेतून. हा आक्षेप आजही अर्धा खरा आहे. परंतु १८८४ मध्ये तो जेवढा अपुरा होता तेवढाच आजही आहे, कारण तो राष्ट्राच्या वतीने बोलतो आणि राष्ट्रातील कामगाराला विचारीत नाही. लोखंडे यांची रीत येथे मार्गदर्शक ठरावी. हेतूची शहानिशा अवश्य करावी, पण तोवर स्वतःचे निवेदन लिहिणे थांबवू नये.

५. माथाडी मंडळ : एक स्वदेशी उत्तर

मालक निश्चित नसलेल्या कामगाराला पत्ता मिळवून देणारे एक उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. आज तो या व्यापाऱ्याचे पोते उचलतो, उद्या त्या. कायद्याने कामगार, मालक आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ निर्माण केले. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाने मजुरी व तीवरील अधिभार मंडळाकडे भरावयाचा, आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, वैद्यकीय मदत मंडळाकडून मिळावयाची. ‘तुझा मालक कोण?’ या प्रश्नाऐवजी ‘तुझ्या श्रमाचा लाभ कोणी घेतला?’ हा प्रश्न या कायद्याने विचारला, हे त्याचे वैचारिक महत्त्व. कळंबोलीच्या पोलाद बाजारामुळे रायगड जिल्ह्याला ही व्यवस्था परिचित आहे. बनावट नोंदणी, खंडणीच्या तक्रारी, पळवाटा हे तिचे दोष आहेत व ते लपविण्याचे कारण नाही. परंतु दोष अंमलबजावणीचा आहे, तत्त्वाचा नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या प्रति टन १० रुपये घेण्याची तरतूद या तत्त्वाच्या जवळ जाणारी आहे. तथापि कल्याण आणि हक्क एक नव्हेत. कल्याणात कामगार लाभार्थी असतो, मंडळात तो पक्षकार असतो. ऊसतोडीची मजुरी, उचल आणि खाडा यांचा हिशेब अशा मंडळाच्या वहीत आला आणि ‘कोयत्या’ऐवजी दोन स्वतंत्र नावे तीत लिहिली गेली, तर साखळीच्या या टोकाला तरी पत्ता मिळेल. दुसऱ्या टोकाच्या खरेदीदारानेही त्याचा वाटा या वहीत भरावा, अशी मागणी मग अप्रस्तुत ठरणार नाही.

६. समीक्षेपुढील प्रश्न

मराठी समीक्षेने या साऱ्याशी काय करावे? प्रथम, कामगार साहित्याची व्याख्या गिरणीच्या आवारातून बाहेर काढावी लागेल. ऊसतोड, वीटभट्टी, कंत्राटी रसायन कामगार, बंदरावरील चालक, गोदामातील मुली यांचे अनुभव ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी अशा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून आपण त्यांच्यातील समान सूत्र हरवितो. दुसरे, कामगाराच्या दुःखाचे चित्रण किती दाहक आहे, यावर समाधान न मानता ते लेखन कोणाला उद्देशून बोलते आणि कोणाला वगळते, हे विचारावे लागेल. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणून मुकादमापाशीच थांबणारी कथा नकळत उरलेल्या साखळीला निर्दोष ठरविते. तिसरे, अहवाल, संहिता, प्रमाणपत्रे, ठेकापत्रे हेही आपल्या काळाचे मजकूर आहेत. कर्ता, कर्म, सही आणि वाचक यांची चिकित्सा करण्याचे साधन भाषा-साहित्याच्या अभ्यासकाकडे आहे. ते अर्थशास्त्र वा कायद्याच्या विभागाकडे सोपवून बाजूला होण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

(१) कामगार हक्कांचा प्रश्न हा हक्कांच्या यादीचा जितका, तितकाच त्या कोणाकडे मागावयाच्या याचा प्रश्न आहे. पुरवठा साखळीने याद्या वाढविल्या आणि पत्ता पुसला.

(२) लोखंडे यांच्या १८८४ च्या निवेदनात संबोध्य, सही आणि मोजता येणारी मागणी या तिन्ही गोष्टी होत्या. आजच्या आचारसंहितांत त्या आढळत नाहीत. बंधनकारक करारांत त्या काही प्रमाणात परत आल्या आहेत.

(३) गिरणगावाच्या साहित्याचे बळ दृश्य मालकावर उभे होते. ‘अधांतर’पासून मराठी लेखन अदृश्य मालकाच्या काळात आले, परंतु समीक्षेने हा बदल पुरेसा टिपलेला नाही.

(४) माथाडी मंडळाचे तत्त्व, म्हणजे श्रमाचा लाभ घेणाऱ्यावर जबाबदारी, हे पुरवठा साखळीच्या संदर्भात महाराष्ट्राकडून घेता येण्याजोगे आहे.

अखेरीस वर्गातील त्या अर्जाविषयी. कापलेला गुण मी पुढच्या आठवड्यात परत दिला, पण त्याने काही साधत नव्हते. आता तक्रार-अर्ज शिकविताना मी मायन्यात तीन नावे लिहावयास सांगतो. प्रति, ठेकेदार. प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी, मुख्य नियोक्ता. आणि आणखी एक प्रत, सहायक कामगार आयुक्त. चौथी ओळ मी कोरी ठेवतो आणि माल कोठे जातो ते शोधून आणा, असे सांगतो. परवा एका मुलीने आपल्या वडिलांच्या कारखान्याच्या आवारातील खोक्यावरचे एका परदेशी कंपनीचे नाव उतरवून आणले होते. तिचा पत्ता मात्र तिला मिळाला नव्हता.